निळ्या प्रदेशातले सात दिवस

पहिला दिवस, गुरुवार : म्युनिक

कोल्हापूरच्या एका शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. ग्रेड परीक्षा आटोपल्या की मोठ्या वर्गातल्या मुलांना जगातली चित्रं दाखवायची, हा माझा नेम. रेम्ब्रांटपाशी मुलं रमायची, मोनेची कमळंही त्यांना आवडायची. पण १९०५-१०च्या आसपास पोचलो की कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, हे असं का काढलंय?" हातात पुस्तकातलं काडेपेटीएवढं छापील चित्र असायचं, त्यावरून मी जमेल तसं सांगायचे. ते उत्तर माझं मलाच कधी पुरलं नाही. निवृत्तीनंतर भाचीने म्युनिकला बोलावलं तेव्हा ठरवून टाकलं, युरोप पालथा घालायचा नाही. एकच चळवळ बघायची, तिच्या गावी जाऊन आणि सावकाश.

ती चळवळ म्हणजे 'डेअर ब्लाउअ राइटर', निळा स्वार. वासिली कांडिन्स्की, फ्रान्त्स मार्क, गॅब्रिएले म्युन्टर, आउगुस्ट माके, पॉल क्ले ही त्यातली माणसं. तयारीची वर्षं धरून काळ १९०८ ते १९१४, म्हणजे जेमतेम सहा वर्षं. आपल्याकडे आधुनिक कला म्हटलं की पॅरिसचंच नाव निघतं, आणि तेही रास्तच आहे. पण चित्रात वस्तू ओळखू आलीच पाहिजे का, हा प्रश्न सगळ्यात हट्टाने जिथे विचारला गेला त्यातलं एक गाव म्युनिक आहे.

दुपारी लेनबाखहाउसला गेलो. फ्रान्त्स फॉन लेनबाख या चित्रकाराने १८८७ ते १८९१मध्ये बांधून घेतलेला हा इटालियन वळणाचा पिवळा वाडा. बिस्मार्कची व्यक्तिचित्रं काढून तो म्युनिकच्या चित्रकारांत जणू राजा झाला होता. त्याची जुनी दालनं अजून तशीच ठेवली आहेत. तपकिरी अंधारातून उजळणारे चेहरे, कसलेला हात. तिथून निळ्या स्वाराच्या दालनात पाऊल टाकलं आणि क्षणभर डोळे दिपले. दोन्हींमध्ये वर्षांचं अंतर फारसं नाही. तपकिरी रंग मात्र पार हद्दपार झालेला.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते एका छोट्या चित्रापाशी. म्युन्टरने १९०८-०९मध्ये पुठ्ठ्यावर काढलेलं तैलचित्र, 'याव्लेन्स्की आणि वेरेफ्किन'. हे दोघे तिचे रशियन चित्रकार मित्र. हिरवा उतार, त्यावर आडवे झालेले दोघे, मागे निळे डोंगर. चेहऱ्यांच्या जागी अंगाच्या रंगाचे नुसते गोळे आहेत, नाक-डोळे काही नाहीत. सगळ्याला काळी जाड बाह्यरेषा. भाची म्हणाली, "आत्या, चेहरे का नाही काढले? येत नव्हते?" मी तिला शेजारचं म्युन्टरचंच चित्र दाखवलं. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर फुलांची मोठी टोपी घातलेली वेरेफ्किन वळून बघते आहे, आणि त्या नजरेतला करारीपणा असा की समोरच्याने शब्द जपून वापरावा. चेहरा काढता येत होता. पहिल्या चित्रात तो नको होता. तो का नको होता, हे मात्र मला तिथे उभं राहून सांगता येईना.

कांडिन्स्कीचं 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' तिथेच आहे. १९११च्या जानेवारीच्या सुरुवातीला ही सगळी मंडळी आर्नोल्ड शोनबर्गच्या संगीताचा कार्यक्रम ऐकून आली, आणि लगेच त्याने हे चित्र केलं. उजवीकडून पिवळा रंग लोटत येतो, वर एक काळा आकार. भाची बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा काळा म्हणजे पियानो. आणि खाली वाकलेत ते ऐकणारे लोक." मी काही सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस, शुक्रवार : श्वाबिंग आणि हॉफगार्टन

सकाळी श्वाबिंगमध्ये भटकलो. १९००च्या सुमारास ही चित्रकारांची आळी होती. कांडिन्स्की इथे आला तो १८९६मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. मॉस्कोत कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला, प्राध्यापकाची नोकरी समोर आलेली, ती नाकारून चित्रकलेच्या शाळेत विद्यार्थी म्हणून बसला. म्युन्टरची वाट वेगळ्या कारणाने अवघड होती. म्युनिकच्या सरकारी कला अकादमीत मुलींना प्रवेशच नव्हता, तो मिळाला १९२०मध्ये. म्हणून १९०२मध्ये ती कांडिन्स्कीच्या 'फालांक्स' या खासगी शाळेत आली. त्याआधी दोन वर्षं अमेरिकेत नातेवाइकांकडे राहून तिने कोडॅकच्या कॅमेऱ्याने फोटो काढले होते. कांडिन्स्कीची शिष्या आणि मैत्रीण एवढीच तिची ओळख पुस्तकात देतात तेव्हा मला चुटपुट लागते. चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ती त्याला भेटण्याआधीच शिकलेली होती.

आइनमिलरश्ट्रास नावाचा रस्ता साधा, दोन्हीकडे चार-पाच मजली घरं. २२ क्रमांकाच्या घराची रंगीत, नक्षीदार दर्शनी बाजू त्या काळाची आहे. ३६ क्रमांकात कांडिन्स्की आणि म्युन्टर राहायचे, ३२मध्ये पॉल क्ले. क्लेची बायको पियानोच्या शिकवण्या करून घर चालवायची आणि क्ले स्वयंपाक करायचा, मुलगा सांभाळायचा, उरलेल्या वेळात छोटी छोटी चित्रं काढायचा. आपले चित्रकार गायतोंडे त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत या क्लेच्या चित्रांनी भारावले होते. जे.जे.मधल्या एका तरुणापर्यंत जे पोचलं, ते या रस्त्यावरच्या स्वयंपाकघरातून निघालं होतं, या विचाराने मी त्या फुटपाथवर थोडी रेंगाळले.

तिथून चालत थिआटिनरश्ट्रासवर आलो. आज इथे महागडी दुकानं आहेत. याच रस्त्यावर टानहाउझरची गॅलरी होती. १९०९मध्ये कांडिन्स्की, म्युन्टर, याव्लेन्स्की, वेरेफ्किन आणि इतरांनी 'नवा कलावंत संघ' काढला आणि डिसेंबरात इथे प्रदर्शन भरवलं. लोक चित्रांवर थुंकायचे. रोज संध्याकाळी ती पुसून काढावी लागायची, असं कांडिन्स्कीने पुढे लिहून ठेवलं आहे. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात पिकासो आणि ब्राकही होते, वर्तमानपत्रं आणखी भडकली. तेव्हा फ्रान्त्स मार्क नावाच्या एका तरुणाने या चित्रांची बाजू घेऊन लिहिलं. असा तो यांच्यात आला.

फूट पडली ती मात्र आतल्याच लोकांमुळे. १९११च्या डिसेंबरात तिसऱ्या प्रदर्शनासाठी कांडिन्स्कीने 'कॉम्पोझिशन ५' दिलं. संघाचा नियम होता की चार चौरस मीटरपेक्षा मोठं चित्र परीक्षकांपुढे ठेवावं लागेल. हे चित्र १९० बाय २७५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच चौरस मीटरच्या आसपास. परीक्षकांनी ते नाकारलं. कारण मापाचं दिलं, पण खरी अडचण चित्र कळत नाही हीच होती. कांडिन्स्की, मार्क आणि म्युन्टर बाहेर पडले आणि जेमतेम दोन आठवड्यांत, १८ डिसेंबरला, त्याच गॅलरीत, जुन्या संघाच्या प्रदर्शनाला लागून असलेल्या खोल्यांत यांनी आपलं प्रदर्शन उघडलं. दारावर नवं नाव होतं : निळा स्वार. त्यात शोनबर्गने काढलेली चित्रंही होती, आणि जकात नाक्यावरचा तो कारकून-चित्रकार आँरी रूसोही.

संध्याकाळी हॉफगार्टनमध्ये गेलो. कमानींच्या ओवऱ्या, मधे बाग, कुणी गोट्यांसारखा लोखंडी चेंडूंचा खेळ खेळत होतं. याच बागेच्या कडेच्या इमारतीत १९ जुलै १९३७ला नाझींनी 'विकृत कला' नावाचं प्रदर्शन उघडलं. जर्मन संग्रहालयांतून जप्त केलेली ६५०च्या आसपास चित्रं-शिल्पं, मुद्दाम वेडीवाकडी टांगलेली, भिंतीवर कुचेष्टेचे मजकूर. वीस लाखांहून जास्त लोक ते बघून गेले. मार्कचं 'निळ्या घोड्यांचा मनोरा' सुरुवातीला त्यात होतं. पहिल्या महायुद्धात देशासाठी मेलेल्या सैनिकाचं चित्र असं टांगू नये, अशी माजी सेनाधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा ते काढलं. पुढे ते नाझी नेता गोअरिंगच्या ताब्यात गेलं आणि १९४५पासून त्याचा ठावठिकाणा नाही.

त्या ओवरीत बसले असताना मला मुंबई आठवली. याच वादळाने उडवलेली काही माणसं तिथे येऊन पडली होती. १९३३मध्ये आलेला कलासमीक्षक रूडी फॉन लायडन, १९३८मध्ये व्हिएन्नाहून आलेला वॉल्टर लँगहॅमर. लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कला संचालक झाला आणि त्याच्या घरी रविवारी तरुण चित्रकारांना युरोपातल्या नव्या चित्रांची पुस्तकं, छापील प्रती बघायला मिळायच्या. रझा, आरा, हुसेन यांच्यावर या दोघांनी जीव लावला. १९४७मध्ये गोव्याच्या सोझाने ज्यांना जमवून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांत हे तिघेही होते. आणि त्याही आधी, १९२२च्या डिसेंबरात, कलकत्त्यात कांडिन्स्की आणि क्ले यांची मूळ चित्रं अवनींद्रनाथ-गगनेंद्रनाथांच्या चित्रांबरोबर लागली होती. म्हणजे ही चळवळ आपल्याकडे पुस्तकांतून उशिरा आली, हे मी मुलांना सांगायचे ते पुरतं खरं नव्हतं.

तिसरा दिवस, शनिवार : मुरनाऊ

म्युनिकहून मुरनाऊला लोकलसारख्या गाडीने तासाभरात पोचतो. श्टार्नबर्गचं तळं मागे पडलं की डोंगर दिसू लागतात. आधी वाटलं ढग आहेत. मग कळलं, ही आल्प्सची कड.

१९०८च्या उन्हाळ्यात चौघं इथे आली : म्युन्टर, कांडिन्स्की, याव्लेन्स्की आणि वेरेफ्किन. ग्रीसब्रॉय या खानावळीत उतरली. ती खानावळ आजही मुख्य रस्त्यावर आहे. रस्ता उताराचा, दोन्ही बाजूंना निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी घरं. मला वाटलं होतं की त्या चित्रांतले रंग कल्पनेतले असतील. इथे उभं राहिल्यावर दिसलं, घरंच रंगीत आहेत. आणि ते रंग तेव्हा नवेकोरे होते. एमानुएल फॉन साइडल या वास्तुकाराने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरं त्या उन्हाळ्याच्या थोडं आधीच रंगवून घेतली होती. याचाच भाऊ गाब्रिएल, त्याने लेनबाखचा वाडा बांधला.

इथे म्युन्टरच्या हाताला काय झालं, ते तिने स्वतः नोंदवून ठेवलं आहे. तोवर ती पॅलेट नाइफने जाड रंगाचे फटकारे मारत समोरचं दृश्य टिपायची. मुरनाऊत तिने ब्रश घेतला. ३३ बाय ४१ सेंटिमीटरचे छोटे पुठ्ठे बरोबर न्यायची आणि काही दिवशी पाच-पाच अभ्यासचित्रं करून यायची. निसर्गाची कमीजास्त हुबेहूब नक्कल सोडून आतला आशय जाणवून घेण्याकडे, त्याचा अर्क देण्याकडे आपण एका उडीत पोचलो, अशा अर्थाचं तिने १९११मध्ये लिहिलं आहे. तिचा जर्मन शब्द 'एक्स्ट्राक्ट'. भाचीने तो वाचून दाखवला आणि मी म्हटलं, हा तर अर्क.

या एका शब्दाने माझं काम झालं. आपण मराठीत 'अमूर्त' म्हणतो आणि ऐकणारा दचकतो. अमूर्त म्हणजे ज्याला रूपच नाही, मग बघायचं काय? अर्क मात्र घरोघरी माहीत आहे. अडुळशाची पानं उकळून आटवली की पानं दिसत नाहीत, गुण भांड्यात राहतो. आमच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, एसटी स्टँड, विहिरीवरच्या बायका. समोर काहीच नसतं. मूल जे काढतं ते आठवणीने आधीच आटवलेलं असतं : बैलाची शिंगं अंगापेक्षा मोठी, आईचा हात लांब. आम्ही त्यात प्रमाण चुकलं म्हणून गुण कापायचो. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, पण आज त्यातले काही कागद डोळ्यांसमोर आले आणि ते परत बघायला मिळावेत असं फार वाटलं.

किल्ल्यातल्या संग्रहालयात काचचित्रं बघितली. श्टाफेलझे तळ्याच्या काठच्या या गावांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात काचेच्या मागून देवांची चित्रं रंगवणं हा घरोघरचा धंदा होता. आपल्याकडेही अशी चित्रं होती. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती बघता येतात, आणि माझ्या आजोळी देवघराच्या भिंतीवर काचेवरचा बाळकृष्ण होता, सोनेरी वर्खाचा. त्यामुळे या काचांपुढे मला परकं वाटलं नाही. यात सगळं उलट्या क्रमाने करावं लागतं. आधी बाह्यरेषा आणि डोळ्यातली बाहुली, मग डोळा, मग चेहरा, मग वस्त्र, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. खाली दिलेला रंग वरून झाकून सुधारता येत नाही. छायाप्रकाशाची कालवाकालव जमत नाही. म्हणून रेषा ठाम येते आणि रंग सपाट. म्युन्टर हे तंत्र हाइनरिख रांबोल्ड या इथल्या शेवटच्या कारागिरांपैकी एकाकडून शिकली, इतरांच्या आधी. पहिल्या दिवशीच्या चित्रातली ती काळी जाड रेषा मला इथे दिसली. याव्लेन्स्कीने फ्रान्समध्ये गोगँ आणि मातिसची चित्रं बघितली होती, तिकडूनही ती आली, हे खरंच. पण काचेने हाताला वळण लावलं.

१९१२च्या मेमध्ये कांडिन्स्की आणि मार्कने 'निळा स्वार' याच नावाचं वार्षिक काढलं. त्यात शंभराहून जास्त चित्रं होती. इथल्या बायर्न प्रांतातली काचचित्रं, नवसाचे फलक, लहान मुलांची चित्रं, इजिप्तच्या छायाबाहुल्या, कॅमेरूनचा कोरीव खांब, आणि त्यांच्या शेजारी पिकासो, मातिस, सेझान. मोठं आणि लहान, शिकलेलं आणि न शिकलेलं हा भेदच त्यांनी मानला नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे. एक सल मात्र राहतो. पिकासोचं नाव खाली छापलं गेलं, कॅमेरूनच्या सुताराचं नाही. तो खांब ज्या वाटेने जर्मनीत आला ती वसाहतींची वाट होती.

दुपारी दोननंतर म्युन्टरचं घर उघडतं. रेल्वेच्या पलीकडच्या टेकाडावर, पिवळ्या भिंती, उतरतं छप्पर, पुढे बाग. १९०९मध्ये तिने ते विकत घेतलं. गावातले लोक त्याला 'रशियनांचं घर' म्हणायचे, मालकीण बर्लिनमध्ये जन्मलेली असूनही. बागेत दोघं स्वतः कुदळ घेऊन राबायची. आता सूर्यफुलं होती. खिडकीतून समोर गाव दिसतं, चर्चचा मनोरा आणि किल्ला. कांडिन्स्कीच्या 'मुरनाऊ आणि चर्च' या चित्रात मनोरा कलतो, घरांचे रंग एकमेकांत वितळतात, कुठे काय हे शोधावं लागतं. मी खिडकीशी उभी राहून एकेक ओळखत गेले. सगळं तिथेच होतं. खाली रुळांवरून गाडी गेली आणि 'मुरनाऊची रेल्वे' या चित्रातली काळी गाडी कुठून बघितली होती तेही कळलं.

आतला लाकडी जिना कांडिन्स्कीने १९११मध्ये रंगवला आहे. जिन्याच्या कडेने घोडेस्वार वर चढत जातात, मधे फुलं. गावातल्या शेतकऱ्यांच्या घरी असतं तसं रंगीत फर्निचरही आहे. हे सगळं इतकं घरगुती आहे की याच खोल्यांतून चित्रकलेचं इतकं मोठं वळण निघालं हे पटवून घ्यायला वेळ लागला.

पण मी या घरी आले होते ती तळघरासाठी. १९१४च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं, कांडिन्स्की शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्याला जर्मनी सोडावी लागली. १९१६मध्ये स्टॉकहोमला दोघांची शेवटची भेट झाली. पुढच्या वर्षी त्याने रशियात दुसरीशी लग्न केलं. म्युन्टरला त्याने लग्नाचं वचन दिलेलं होतं. त्याची शेकडो चित्रं तिच्याकडे राहिली होती. वकिलांमार्फत वर्षानुवर्षं वाद झाले, १९२६मध्ये काही पेट्या परत गेल्या आणि बाकीचं तिच्या मालकीचं ठरलं. तिने काय करावं? विकता आली असती. रागाने जाळली असती तरी कुणी नवल केलं नसतं. नाझी आले, ही चित्रं जवळ असणंच धोक्याचं झालं, तेव्हा तिने ती या घराच्या तळघरात लपवली. युद्धात पैशाची चणचण होती, थंडी होती, तरी चित्रं तिथेच राहिली. १९५७मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, तिने हजाराहून जास्त कलाकृती म्युनिक शहराला देऊन टाकल्या. त्यांत कांडिन्स्कीची ९० तैलचित्रं होती. परवा लेनबाखहाउसमध्ये मी जे बघितलं ते बहुतेक या जमिनीखालून वर आलेलं होतं.

तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी मी हात जोडले. भाची काही बोलली नाही.

चौथा दिवस, रविवार : मुरनाऊचं दलदलीचं रान

रात्री गावातच राहिलो. सकाळी दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता. याला इथे 'फ्योन' म्हणतात. तो डोंगर उतरून येताना कोरडा होतो, हवा काचेसारखी होते आणि काल दूर वाटलेले डोंगर हाताशी येतात. त्यांचा रंग निळा. अगदी सपाट, कापून चिकटवल्यासारखा निळा. या भागाला 'ब्लाउअस लांड', निळा प्रदेश, म्हणतात.

रामझाखच्या छोट्या चर्चपासून दलदलीच्या रानात पायवाट जाते. बत्तीसेक चौरस किलोमीटरचं हे रान. लव्हाळी, पाण्याचे काळे ओहोळ, गवत साठवायच्या लाकडी झोपड्या, आणि मागे भिंतीसारखे डोंगर. मी रंग काढले. रंकाळ्याच्या काठावर बसून जलरंग शिकलेली मी. आमच्या गावचे चित्रकार आबालाल रहिमान यांचं कोटितीर्थ तळं डोळ्यांपुढे ठेवून आमची पिढी वाढली. हवा, ओल, प्रकाशाची उतरंड, सगळं पातळ रंगाच्या वॉशमध्ये सांभाळायचं. पहिलं चित्र तसंच केलं आणि बरं झालं.

मग पोस्टकार्डाएवढे चार कागद घेतले. प्रत्येकाला दहा मिनिटं. दुसऱ्यात लव्हाळी गेली. तिसऱ्यात झोपड्यांच्या फळ्या गेल्या, नुसता तपकिरी चौकोन राहिला. चौथ्यात ढग गेले. पाचव्यात डोंगराची कड, खाली पिवळा पट्टा आणि तो चौकोन. वाटेवर बसून भाकरी खावी तशी भाची समोरच्या गवतावर पाव खात बसली होती. तिला काढलं तर नाक-डोळ्यांची गरजच पडली नाही. ती कशी बसली आहे यावरूनच ती होती. म्युन्टरने त्या चित्रात डोळे घातले असते तर बघणारा त्यांच्यापाशी अडकला असता, आणि ऊन, उतार, दोन माणसांचं निवांत पडून राहणं हे सगळं मागे सरलं असतं. म्युन्टरला चेहरा का नको होता, याचं उत्तर मला हातातून मिळालं.

संध्याकाळी चर्चच्या दफनभूमीत तिची कबर बघितली. १९ मे १९६२ला ती याच गावात गेली. कांडिन्स्की त्याआधीच, १९४४मध्ये, पॅरिसजवळ वारला होता.

पाचवा दिवस, सोमवार : म्युनिक

पाऊस. संग्रहालयं सोमवारी बंद. भाचीकडे पिठलं-भात करून झोपले.

सहावा दिवस, मंगळवार : झिंडेल्सडॉर्फ आणि कोखेल

भाचीने गाडी भाड्याने घेतली. वाटेत झिंडेल्सडॉर्फला थांबलो. छोटं शेतकरी गाव, चर्च, गोठे, शेणाचा ओळखीचा वास. मार्क इथे १९१०पासून राहायचा. याच गावात त्याच्या घराच्या बागेतल्या मांडवाखाली कॉफी पिताना 'निळा स्वार' हे नाव सुचलं, अशी आठवण कांडिन्स्कीने १९३०मध्ये सांगितली. आम्हा दोघांनाही निळा आवडायचा, मार्कला घोडे, मला स्वार, मग नाव आपोआप आलं, अशा अर्थाची. नाव इतकं सहज आलं असेल यावर माझा विश्वास आहे. बागेत कॉफी पिताना माणसं घोषणापत्रं लिहीत नाहीत.

मार्कचा निळा मात्र विचारपूर्वक ठरलेला होता. १९१०च्या डिसेंबरात माकेला लिहिलेल्या पत्रात त्याने रंगांची वाटणी केली : निळा पुरुषतत्त्व, कठोर आणि आत्मिक. पिवळा स्त्रीतत्त्व, मृदू आणि आनंदी. लाल म्हणजे जडता, जिच्याशी इतर दोघांनी झुंजायचं. मला ही वाटणी मान्य नाही. पण घोडा निळा करण्यामागे लहर नव्हती, एवढं यातून कळतं. जनावराला जग कसं दिसत असेल, हे त्याला काढायचं होतं.

कोखेलला तळ्याच्या वर, झाडीत, त्याचं संग्रहालय आहे. १९८६मध्ये सुरू झालं, २००८मध्ये वाढवलं. वरच्या मजल्यावर एक मोठी खिडकी आहे, तिच्यातून तळं आणि डोंगर दिसतात. लोक चित्रं बघून तिथे येतात आणि गप्प बसतात.

माके २६ सप्टेंबर १९१४ला फ्रान्समध्ये आघाडीवर मेला. वय २७. मार्क ४ मार्च १९१६ला व्हर्दनजवळ, तोफगोळ्याच्या तुकड्याने. वय ३६. त्याआधी काही आठवडे तो तोफा झाकायच्या ताडपत्र्या रंगवत होता, विमानातून दिसू नयेत म्हणून. त्यावर कांडिन्स्कीसारखी चित्रं काढतो आहे, असं त्याने बायकोला कळवलं होतं. नामवंत कलावंतांना आघाडीवरून मागे घ्यायच्या यादीत त्याचं नाव आलं होतं, ते पोचेपर्यंत उशीर झाला. तो स्वतःहून, युरोप शुद्ध होईल या आशेने युद्धावर गेला होता, हेही लिहायला हवं. त्या पिढीतल्या पुष्कळ चांगल्या माणसांना तसंच वाटलं होतं.

कोखेलच्या दफनभूमीत तो आणि बायको मारिया शेजारी आहेत. पाऊस नुकताच थांबला होता. मी वाटेत उचललेली रानफुलं ठेवली.

सातवा दिवस, बुधवार : म्युनिक

रात्रीचं विमान. सकाळी पुन्हा लेनबाखहाउस. 'याव्लेन्स्की आणि वेरेफ्किन'पाशी आधी गेले. या वेळी उताराचा हिरवा ओळखीचा वाटला, निळ्या डोंगरांची कडही. पाठीला गवत टोचल्यासारखं झालं.

मार्कच्या 'निळा घोडा १' पुढे शाळेची मुलं जमिनीवर बसून काढत होती. सात-आठ वर्षांची असतील. बाई त्यांच्यामधून फिरत होत्या, खाली वाकून एखाद्याच्या कागदाकडे बघायच्या, काही न बोलता पुढे जायच्या. मी मागच्या बाकावर बसले. एका मुलीने घोडा पुरता काढलाच नव्हता. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वळण होतं, मानेपासून पाठीपर्यंत उतरणारं, आणि त्याच्या मागे तसंच दुसरं, टेकडीचं. मी चित्राकडे बघितलं. मार्कने घोड्याच्या पाठीला आणि टेकडीला एकच वळण दिलं आहे. इतकी वर्षं छापील प्रत हातात असून मला ते दिसलं नव्हतं. मुलीने मान वर करून एकदा बघून घेतलं, खडूंच्या डबीत निळा शोधला, तो आडवा धरला आणि दोन्ही वळणांच्या मधली जागा भरायला लागली.